दोनशेचे एकशे चौऱ्याऐंशी

"काट्यावर संशय घ्यायच्या आधी एक दाणा फोडून पाहत जा, केतकी," बाबा फोनवर म्हणाले.

रविवारची सकाळ, साडेनऊ. इरा माझ्या खांद्यावर होती, तिचा ढेकर निघत नव्हता, आणि फोन मी कान आणि दुसऱ्या खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता.

"दाणा नंतर. आधी सांगा, काटा सपाट फरशीवर ठेवला होता?"

"हो."

"पंखा बंद होता?"

"फेब्रुवारीत चिखलदऱ्याले पंखा कोण लावते, बाई?"

"रिकामी वाटी ठेवून शून्य केलं होतं? आणि गार झाल्यावर मोजलंत ना?"

"हे सगळं तुले मीच शिकवलं. आता माझीच परीक्षा घेऊन राहिली."

"मग कॉफी भाजल्यावर दोनशे ग्रॅमचे एकशे चौऱ्याऐंशी कसे येतील, बाबा? आठच टक्के घट. काटा बिघडलाय तुमचा."

मग बाबा म्हणाले, "तू म्हणते तर असेल. इराचं सांग."

मी इराचं सांगितलं. सहा किलो एकशे वीस. मागच्या रविवारपेक्षा नव्वद ग्रॅम जास्त. बाबा म्हणाले, "वा." फोन ठेवला. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून लगेच एक नवा काटा मागवला, चिखलदऱ्याच्या पत्त्यावर.

हा रविवारचा खेळ बाबांनीच काढलेला होता. इरा जन्मली तेव्हा अडीच किलोचीही नव्हती. पहिले दोन महिने तिचं वजन हलेना. डॉक्टर म्हणत होते, घाबरू नका, वाढेल. मी घाबरत होते. घरात बाळाचा काटा आणून दूध पाजायच्या आधी आणि पाजल्यावर तिला त्यावर ठेवत होते. दिवसातून आठ वेळा. माझा नवरा सारंग एकदा चिडून म्हणाला, "अगं, ती काय किराणा आहे का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बाबांना हे मी सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. ते म्हणाले, "असं कर. आठवड्यातून एकदाच मोज. रविवारी. मी रविवारी कॉफी भाजतो, तीही मोजतो. तू तुझा आकडा सांग, मी माझा सांगतो. तुझा वाढला पाहिजे, माझा घटला पाहिजे. मधल्या दिवसांत काट्याले हात लावायचा नाही. कबूल?"

कबूल केलं. बाबांनी सांगितलेलं मला जमायचं.

चिखलदऱ्याला कॉफी होते हे सांगितलं की पुण्यातली माणसं आजही माझ्याकडे बघत राहतात. विदर्भात कॉफी? पण होते, आणि बाबांनी तिथल्या एका बागेत बत्तीस वर्षं मुकादमी केली. मी लहान असतानाच त्यांनी घरामागे वीस-बावीस झाडं लावली. दाणा सोलून, वाळवून, वर्षभर पोत्यात ठेवायचे आणि लागेल तसा घरीच भाजायचे. त्यासाठी त्यांनी परतवाड्याच्या लोहाराकडून एक पत्र्याचा गोल डबा करून घेतला होता. डब्यातून आरपार सळई, सळईच्या टोकाला लाकडी मूठ. खाली गॅस. मूठ सारखी फिरवत राहायची, पंधरा मिनिटं, एका वेगानं. थांबलात की दाणा एका बाजूनं करपतो. अकराव्या-बाराव्या मिनिटाला दाणे आतून तडतडायला लागतात. त्यानंतर बाबा आणखी दोन-अडीच मिनिटं फिरवायचे आणि डबा सुपात उलटा करायचे.

लहानपणी ते सूप पाखडायचं काम माझं होतं. दाण्यावरचं पातळ साल उडून गेलं की दाणे गार होऊ द्यायचे, मगच काट्यावर. गरम असताना आकडा एका जागी थांबत नाही. "दोनशे कच्चे घेतले तर एकशे सत्तर उतरले पाहिजेत," बाबा सांगायचे. "तीस कुठे गेले?" मी विचारायचे. "पाणी गेलं, थोडं साल गेलं, आणि थोडं काय गेलं ते तू शिकून ये आणि मले सांग." मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. जाऊन सांगितलंही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वास होऊन गेलं. बरोबर."

ऑक्टोबरात बाबांचे आकडे ठरल्यासारखे यायचे. एकशे सत्तर. एकशे सत्तर. एकशे एकाहत्तर. दर सोमवारी ते त्या भाजणीतला मूठभर नमुना पोस्टानं पाठवायचे, लहान पाकिटात. वर तारीख आणि दोन आकडे. मी अंगावर पाजत होते, कॉफी पूर्ण बंद केली होती. एक घोट घेतला तर इराची झोप उडेल, पोट दुखेल, वजन घटेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पाकीट आलं की न उघडता मी ते शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. आकडे वहीत होतेच.

नोव्हेंबरात एकशे बहात्तर आले, त्र्याहत्तर आले. डिसेंबरात शहात्तर. मी बाबांना समजावून सांगितलं की थंडीत हवा कोरडी असते, कच्च्या दाण्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे भाजताना घट कमी दिसणार. जानेवारीत एकशे ऐंशी आले. तेव्हा मी त्यांना औषधाच्या मापानं शंभर मिलिलिटर पाणी मोजून काट्यावर ठेवायला लावलं. "शंभर दाखवते," ते म्हणाले. मग शंभरच्या वरच्या वजनांना काटा चुकत असेल, असं मी ठरवलं.

माझ्या हिशेबात सगळ्याला कारण होतं.

नवा काटा पोचला. पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "दोनशेचे एकशे शहाऐंशी. नव्या काट्यावर."

"आणि जुन्यावर?"

"जुन्यावरही तेच."

"मग दाण्यातच काहीतरी असेल. यंदाचं वाळवणच जास्त झालं असणार."

"असेल," बाबा म्हणाले. "पाकिटं पोचतात ना तुले?"

"पोचतात की."

"बरं."

त्या मंगळवारी इराची लस होती. दवाखान्यातल्या काट्यावर ती सहा किलो तीनशे भरली. डॉक्टरांनी तक्त्यावरची रेघ दाखवली, ती आता वरच्या पट्ट्यात शिरली होती. "तुम्ही आता जरा झोपा," ते मला म्हणाले. "कॉफीबिफी प्या. एका कपानं काही होत नाही."

घरी आल्यावर इरा झोपली. सारंग घरूनच काम करत होता. मी त्याला विचारलं, "कॉफी घेणार? बाबांची?"

"सात महिन्यांनी उपास सुटला वाटतं," तो म्हणाला.

मी डब्यातलं सगळ्यात वरचं पाकीट कापलं. एकशे चौऱ्याऐंशीचं, आदल्या आठवड्यात आलेलं. मला लहानपणापासून माहीत असलेला वास येईल म्हणून मी नाक जवळ नेलं, तर ओल्या गवतासारखा, तुरीच्या शेंगा उकडल्यासारखा वास आला. दाणे भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाएवढेही तांबूस नव्हते. पिवळट होते. मी एक दाणा दाढेखाली धरला. तो फुटला नाही. खडा चावावा तसं झालं.

मग मी सगळीच पाकिटं कापली आणि ओट्यावर ओळीनं बशा मांडल्या. सारंग पाणी प्यायला आत आला आणि थांबला.

"एवढ्या जाती लावल्यात बाबांनी?"

"एकच जात आहे."

ऑक्टोबरच्या बशीतले दाणे चॉकलेटी, तेलकट चमकणारे. नोव्हेंबरचे जरा फिके. डिसेंबरचे मातकट. पुढे पुढे रंग उतरतच गेला होता. फेब्रुवारीची शेवटची बशी हरभऱ्याच्या डाळीसारखी दिसत होती. ज्या माणसानं आयुष्यात एक भाजणी कच्ची सोडली नाही, त्याच्या हातची.

मी फोन लावला.

"बाबा, मूठ कोण फिरवतं?"

"आज मंगळवार आहे," ते म्हणाले.

"मूठ कोण फिरवतं?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं."

"किती वेळ?"

बाबांनी आधी खाकरून घेतलं. "होईल तेवढा वेळ," ते म्हणाले. "आता आठ मिनिटं होतात."

त्याच संध्याकाळच्या गाडीचं तिकीट सारंगनं काढलं. इराला घेऊन मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला उतरले, तिथून परतवाडा, तिथून जीप. घाटात इरा दोनदा ओकली. मला त्या दिवशी तिचं वजन आठवलं नाही.

बाबांच्या घराचं दार लोटलेलं होतं. अंगणात जसमतीबाई कपडे वाळत घालत होत्या, बाबांचे. शेजारीच राहतात त्या, एकट्या. बागेत त्यांनी बाबांच्या हाताखाली वीस वर्षं कॉफीची फळं तोडली. कोरकू आदिवासी आहेत, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलतात. हातात कायम गिलटाच्या जाड बांगड्या, मनगटावर घट्ट बसलेल्या. निघता निघत नाहीत म्हणून लहानपणी मी त्या ओढून बघायचे.

"आली का," त्या म्हणाल्या. "मुकादमाले म्हनलं मी, पोरीले सांग. तर म्हने, सांगतो ना, सांगूनच राहिलो."

"काय झालंय त्यांना?"

"जेवतच नाई. दोन घास, की पोट धरते." त्यांनी शर्ट झटकून माझ्यासमोर धरला. "हे पाह्य. धुवाले हलकं लागते मले, मानूस आत नाई वाटते."

बाबा आत पलंगावर बसून पुसटशा उन्हात पाय शेकत होते. मी त्यांना सप्टेंबरात, इराच्या बारशाला पाहिलं होतं. बसलेला माणूस तोच होता, त्यांचा स्वेटर तोच होता, पण गळा स्वेटरच्या बाहेर बराच वर आलेला होता. घड्याळाच्या पट्ट्याला मूळच्या भोकांच्या पलीकडे आणखी दोन भोकं होती, आरीनं पाडलेली. त्यांनी आधी इराकडे हात पसरले.

"दे तिले. पाहू, नव्वद ग्रॅम कुठं गेले ते."

त्यांनी तिला घेतलं. तिचा भार त्यांना पेलेना म्हणून मी खालून हात धरून ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगत तर होतो."

"कधी?"

"दर रविवारी," बाबा म्हणाले.

इरानं त्यांचा चष्मा ओढला. त्यांनी तो तिच्या मुठीतून हळूच सोडवला.

"तोंडानं म्हणायला जमत नव्हतं," ते पुढे म्हणाले. "तू आधीच त्या लेकराच्या पायी अर्धी झालेली. म्हटलं, आकडा सांगू. आकडा खोटा सांगायची आपल्याले सवय नाही. आणि पाकिटंही पाठवत होतो. म्हटलं, पोरगी पाहील दाणा, तिले कळेल. मी शिकवलेली आहे."

मी म्हणाले, "मी पाकिटं उघडली नाहीत, बाबा."

"हो, ते कळलं मले. नवा काटा आला तेव्हा."

अमरावतीच्या डॉक्टरांकडे गेलो. पोटात गाठ होती आणि ती बरीच पुढे गेलेली होती. ऑक्टोबरात आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आत नर्सनं बाबांना वजनकाट्यावर उभं केलं. एक्कावन्न. ऑगस्टमध्ये परतवाड्याला त्यांनी रक्तदाब तपासला होता, ती चिठ्ठी फाइलमध्ये होती, तिच्यावर साठ लिहिलेलं होतं.

बाबा चपला घालायला वाकले, तसेच वाकलेले राहून त्यांनी विचारलं, "काढलास ना हिशेब?"

"नाही."

"खोटं बोलते. साठातून नऊ गेले. पंधरा टक्के." त्यांनी पट्टा लावला. "म्हणजे दाणा तयार झाला."

नर्सला काहीच कळलं नाही. बाबा हसत होते. मीही हसले, कारण ते माझ्याकडे बघत होते.

मी बाबांना पुण्याला चला म्हटलं, ते आले नाहीत. मग मीच इराला घेऊन तिथं राहिले, मार्च, एप्रिल आणि पुढेही. सारंग शनिवार-रविवार यायचा, कधी जमायचं नाही. पहिल्याच रविवारी बाबांनी डबा काढायला लावला. जसमतीबाई इराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. बाबांनी खुर्ची गॅसजवळ ओढली. मी दोनशे ग्रॅम मोजून घेतले आणि मूठ धरली.

"सावकाश. दळण दळून राहिली का तू?"

पाचव्या मिनिटाला माझा खांदा भरून आला. आठव्या मिनिटाला मी हात बदलला. आठवं मिनिट म्हणजे काय, ते तेव्हा मला हातात कळलं. इथं येऊन ते थांबत होते. इथून पुढं चार मिनिटांवर तडतड होती, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

"थांबू नको," बाबा म्हणाले.

"थांबत नाही."

बाराव्या मिनिटाला पहिला दाणा तडकला. मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. बाबांनी डोळे मिटले होते. वास सुटला, घरभर झाला, अंगणात गेला. तोच वास. मी शाळेतून यायचे तेव्हा कोपऱ्यावरूनच यायचा तो. जसमतीबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "झाली तडतड, मुकादम. किती महिन्यांनी झाली."

"अजून नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "अजून. अजून. आता उलट."

मी सुपात उलटलं, पाखडलं, साल अंगणात उडालं. मी काटा काढला आणि वाटी ठेवली.

"गार होऊ दे," ते म्हणाले.

"पंखा लावू? लवकर होईल."

"कशाले घाई करते?"

म्हणून आम्ही बसलो. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. सूप मध्ये, त्यातून वाफ निघते आहे की नाही तेही दिसत नव्हतं. बाबा एकेक दाणा बोटानं सरकवत होते. इरा जसमतीबाईंच्या बांगडीशी खेळत होती. कोणी काही महत्त्वाचं बोललं नाही. बाबांनी विचारलं, सारंगला कॉफी जाड आवडते की पातळ. जसमतीबाईंनी सांगितलं की मागच्या झाडाला माकडांनी ठेवलं नाही काही. मला वाटत होतं, हे दाणे गार होऊ नयेत.

मग बाबांनी दाण्यांना तळहात लावला. "मोज."

एकशे एकोणसत्तर.

"वहीत लिही," ते म्हणाले.

ते मे महिन्यात गेले. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारी.

इरा आता सहा वर्षांची आहे. डबा माझ्याकडे आहे. वीस-बावीस झाडांतली नऊ जगली आहेत, त्यांचा दाणा जसमतीबाई सोलून, वाळवून मला पाठवतात. मी रविवारी सकाळी भाजते, सूप ओट्यावर ठेवते आणि गार होईपर्यंत काही करत नाही. साडेनऊ वाजले की मात्र हात फोनकडे जातो. पहिलं वर्षभर मी नुसताच फोन हातात धरून बसायचे. मग एका रविवारी जसमतीबाईंना लावला आणि सांगून टाकलं, दोनशेचे एकशे सत्तर. त्यांना टक्क्यांशी घेणंदेणं नाही. त्या एवढंच विचारायच्या, "तडतड झाली का?" मी हो म्हणायचे. त्या म्हणायच्या, "मंग झालं."

पाच वर्षं हे असंच चाललं आहे. मात्र गेले तीन रविवार त्यांनी तडतडीचं विचारलेलं नाही. आकडा सांगितला की "हाव" म्हणतात आणि फोन ठेवतात. यंदाच्या दाण्यांत साल तसंच राहिलेले पुष्कळ आहेत. त्यांचा भाचा फोनवर म्हणाला, मावशी बरी आहे. इराला परवा कांजिण्या निघाल्या. अंगावरच्या खपल्या पडेपर्यंत, अजून दहा-बारा दिवस तरी, मला तिला सोडून निघता येत नाही, आणि घेऊनही जाता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी या आठवड्यात चिखलदऱ्याला जाणार असेल, तर बाजारातून वर जाणाऱ्या चढावर निळ्या दाराचं आमचं घर आहे, मागे कॉफीची झाडं. त्याच्या शेजारचं घर त्यांचं. जसमती जांबेकर. मुकादमाच्या केतकीनं पाठवलं म्हणून सांगा. त्या बरी आहे म्हणतील, तेवढ्यावर निघू नका. पाणी मागा. तांब्या द्यायला हात पुढे येईल, तेव्हा गिलटाच्या त्या बांगड्या मनगटावर थांबतात की कोपराकडे सरकतात, एवढं बघा आणि मला कळवा.